नोव्हेंबरअखेरचा सौम्य आठवडा : पहाटेचा पारा पुन्हा का चढला आणि त्याची नोंद कशी ठेवावी?

पूर्णाकाठ (जिंतूर, जि. परभणी)

सर्व जाणकारांना नमस्कार.

मी जिंतूर तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. परतीचा पाऊस थांबल्यापासून सातवीच्या मुलांकडून हवामानाची एक नोंदवही लिहून घेत आहे. साधने मोजकीच आहेत: शाळेच्या पत्र्याच्या व्हरांड्यात टांगलेला कमाल-किमान तापमापक, मैदानात रोवलेल्या बांबूला बांधलेली कापडाची पट्टी आणि आकाश पाहायला मुलांचे डोळे. तसाच दुसरा तापमापक येलदरी धरणाच्या खाली, नदीकाठच्या एका आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) लिंबाच्या फांदीला आहे. तिथे राहणारा विद्यार्थी पहाटेचा आकडा टिपून शाळेत आणतो.

मागच्या आठवड्यात शाळेतील किमान तापमान 13 अंशांपर्यंत उतरले होते, आखाड्यावर ते 10 च्या घरात होते, आणि दुपारी मात्र 31 पर्यंत ऊन तापत होते. मुले कानटोप्या घालून येऊ लागली होती आणि गावात पारापाशी शेकोटी पेटत होती. या आठवड्यात सगळेच पालटले. पहाटे 17 ते 18, दुपारी 28 ते 29, आणि सकाळी आठ वाजेपर्यंत सूर्य पातळ ढगांआड मळकट दिसतो. बांबूवरची पट्टी आधी दक्षिणेकडे फडफडत असे. आता ती बहुतेक वेळ लोंबत असते आणि हललीच तर मावळतीकडे वळते. आभाळ दिवसा भरून येते, मध्यरात्रीनंतर पुष्कळदा उघडते. दव मात्र पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक पडते आहे. ज्वारीच्या पोंग्यात बोट घातले तर पेरभर भिजते, आणि शाळेच्या पत्र्याच्या पन्हाळीतून पहाटे थेंब गळतात. आधीच्या आठवड्यात एवढा गारठा असूनही हाच पत्रा कोरडा असायचा.

मुलांनी विचारले की थंडी गेली का. पुस्तकात शरद आणि हेमंत ऋतूंची माहिती आहे, पण थंडी येऊन पुन्हा मागे फिरते याबद्दल काही नाही, आणि मला त्यांना अंदाजपंचे उत्तर द्यायचे नाही. थंडी कमी असताना दव वाढते, हे त्यांना सर्वांत जास्त कोड्यात टाकणारे वाटते. शिवाय शाळा माळावर आहे आणि आखाडा नदीकाठी आहे. त्या दोन ठिकाणच्या आकड्यांत गेल्या आठवड्यात तीन अंशांचा फरक होता, तो या आठवड्यात जेमतेम एक अंश उरला आहे, याचे कारणही समजून घ्यायचे आहे. नोंदवहीत ‘शेरा’ असा एक रकाना आहे. अशा आठवड्यासाठी त्यात नेमके काय लिहावे, म्हणजे पुढच्या वर्षी ती वही उघडणाऱ्या मुलांना त्याचा उपयोग होईल, हेही कृपया सांगावे.

दवबिंदू (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार सर. आपण विचारलेल्या गोष्टी एकाच कारणाशी येऊन थांबतात, आणि ते कारण आपल्या बांबूवरच्या पट्टीने आधीच दाखवून दिले आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आपल्याकडे थंडी येते ती उत्तरेच्या वाऱ्यावर. हिमालयाच्या पश्चिम भागातून पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणारे, पाऊस-हिम आणणारे हवेचे पट्टे) पुढे सरकले की त्यांच्या मागून थंड आणि कोरडी हवा राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून खाली उतरते आणि विदर्भ, खानदेश करीत मराठवाड्यात पोहोचते. मात्र याच दिवसांत तमिळनाडूकडे ईशान्य मोसमी पावसाचा हंगाम चालू असतो आणि बंगालच्या उपसागराच्या दक्षिण भागात एकामागून एक कमी दाबाची क्षेत्रे तयार होत असतात. त्यांपैकी एखादे बळावून किनाऱ्याकडे सरकले की आपल्याकडचा वारा वळतो, उत्तरेऐवजी पूर्वेकडून आणि आग्नेयेकडून वाहू लागतो, आणि त्याच्याबरोबर समुद्रावरची बाष्पाने भरलेली हवा येते. 2024 मध्ये हेच घडले. नोव्हेंबरच्या शेवटी राज्यात चांगली थंडी पडली असताना 30 नोव्हेंबरला ‘फेंगल’ चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ जमिनीवर आले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्रात आभाळ येऊन थंडी नाहीशी झाली. प्रत्येक सौम्य आठवड्यामागे चक्रीवादळ असते असे नाही, पण बाष्प घेऊन येणारा पूर्वेचा वारा बहुतेक वेळा असतो.

आता पहाटेच्या पाऱ्याकडे येऊ. दिवसा तापलेली जमीन रात्रभर आपली उष्णता अदृश्य लहरींच्या रूपाने आकाशाकडे सोडत असते. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असेल तर ती उष्णता विनाअडथळा निघून जाते आणि जमीन झपाट्याने निवते. हवेत बाष्प असेल किंवा वर ढग असतील तर तीच उष्णता शोषून ते तिचा बराच भाग पुन्हा जमिनीकडे पाठवतात. म्हणूनच आपल्याकडे जुनी माणसे ढगाळ रात्रीला धरणीने गोधडी पांघरली असे म्हणतात. हेच ढग दिवसा ऊन अडवतात. त्यामुळे आपल्या नोंदीतील एक गोष्ट मुलांच्या नजरेस जरूर आणून द्या. मागच्या आठवड्यात शाळेत 13 आणि 31, म्हणजे दिवस-रात्रीत 18 अंशांचे अंतर होते. या आठवड्यात 17 आणि 29 धरले तर ते 12 वर आले. निव्वळ किमान तापमानापेक्षा हे अंतर हवेचा स्वभाव अधिक स्पष्टपणे सांगते. मी विद्यार्थ्यांना नेहमी हाच रकाना वेगळा करायला लावत असे.

दवाचे कोडेही याच बाष्पाने सुटते. हवा ज्या तापमानाला पोहोचली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते, त्याला दवबिंदू तापमान म्हणतात. मागच्या आठवड्यात हवा इतकी कोरडी होती की आपला पत्रा पुष्कळ गार होऊनसुद्धा त्या तापमानापर्यंत उतरला नाही, म्हणून तो कोरडा राहिला. या आठवड्यात दवबिंदूच 17 अंशांच्या आसपास असावा. मध्यरात्रीनंतर आभाळ उघडले की पत्रा आणि ज्वारीची पाने तेवढी सहज निवतात आणि ओली होतात. पुढची गोष्ट फार महत्त्वाची आहे. बाष्पाचे पाणी होताना ते आपल्यातील उष्णता सोडते, आणि ती थोडीथोडकी नसते: एका ग्रॅममागे सुमारे 600 कॅलरी. त्यामुळे एकदा दव पडू लागले की पारा पुढे उतरायचा वेग एकदम मंदावतो. संध्याकाळी हवेत किती ओलावा आहे हे ज्याला कळते, त्याला पहाटेचा पारा कुठे थांबेल याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो.

माळ आणि नदीकाठ यांचा फरकही मुलांना दाखवण्यासारखा आहे. थंड हवा गरम हवेपेक्षा जड असते. निरभ्र, निवांत रात्री उंचावरच्या जमिनीला लागून निवालेली हवा उताराने ओघळत खाली जाते आणि नदीच्या खोलगट भागात साचून राहते, त्यामुळे आखाड्यावर गारठा अधिक आणि माळावर कमी, असे उलटे चित्र तयार होते. गेल्या आठवड्यात आपल्याला तीन अंश दिसले ते यामुळे. आभाळ आले की माळावरचीही जमीन फारशी निवत नाही, साचायला थंड हवाच तयार होत नाही आणि दोन्ही ठिकाणचे आकडे एकमेकांजवळ येतात. दोन तापमापकांतील अंतर वाढले की रात्र निरभ्र होती आणि आक्रसले की ढगाळ किंवा वाऱ्याची होती, एवढे निदान मुले आकाश न पाहताही करू शकतील.

एक सूचना तापमापकाच्या जागेविषयी. पत्र्याचा व्हरांडा दिवसाची उष्णता धरून ठेवतो आणि भिंतही रात्री ती सोडत राहते, म्हणून तिथला किमान आकडा थोडा चढा येणे स्वाभाविक आहे. वेधशाळेत तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर ठेवतात आणि ऊन आत येऊ नये म्हणून पेटीचे दार उत्तरेकडे ठेवतात. गावातील सुतार जुन्या खिडकीच्या झडपांतून अशी पेटी बनवून देऊ शकेल. आज आहे त्या जागीच नोंदी चालू ठेवायच्या असतील तरी हरकत नाही, फक्त जागा मध्येच बदलू नका, आणि बदललीच तर बदलाचा दिवस वहीत लिहा. किमान तापमान वेधशाळेत सकाळी 8:30 वाजता वाचतात, तीच वेळ आपणही ठेवावी.

शेऱ्याच्या रकान्यात ‘थंडी कमी’ असे लिहू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ‘कमी’ हे कशाच्या तुलनेत ते पुढच्या वर्षी कोणालाच आठवणार नाही. वाऱ्याची दिशा, ढग उंच आणि पातळ होते की खाली आणि दाट होते, आकाशाचा साधारण किती भाग झाकला होता, दव कशावर पडले आणि किती वाजता वाळले, एवढे लिहावे. ‘पूर्वेचा मंद वारा, उंच, पातळ ढग, निम्म्याहून अधिक आकाश, ज्वारीवरचे दव साडेनऊपर्यंत’, असा एक शेरा वाचला तर दहा वर्षांनीसुद्धा तो दिवस कळेल.

मुलांना सांगा की थंडी गेलेली नाही. उपसागरावरचे क्षेत्र विरले आणि पट्टी पुन्हा दक्षिणेकडे फडफडू लागली की दोन-तीन रात्रींत पारा उतरतो. नोव्हेंबरात आपल्याकडे कमाल 30 च्या आणि किमान 15 च्या आसपास असणे हीच नेहमीची चाल आहे. त्या हिशेबाने हा आठवडा दोन अंशांनी उबदार आहे आणि मागचा तेवढाच थंड होता. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे सपाट प्रदेशात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली येऊन सरासरीपेक्षा निदान 4.5 अंशांनी कमी असेल तेव्हा थंडीची लाट मानतात, म्हणजे शाळेतील 13 अंशांच्या नोंदीवरून मागचा आठवडाही त्यात बसणारा नव्हता.

टाळकीज्वारी (औसा, जि. लातूर)

गुरुजी, आपला उपक्रम वाचून मनापासून समाधान वाटले. दवबिंदू सरांनी हवेचे शास्त्र सांगितले आहे, मी शेताच्या बाजूने लिहितो, कारण आपल्या मुलांपैकी बहुतेकांच्या घरी याच आठवड्याची चर्चा तुरीच्या आणि हरभऱ्याच्या निमित्ताने होत असणार.

अंगाला बरा वाटणारा हा आठवडा पिकाला सारखाच बरा नसतो. आत्ता तूर सर्वांत नाजूक अवस्थेत आहे. बदनापूरच्या संशोधन केंद्राचे बीडीएन 711 हे वाण लवकर येणारे असल्याने त्याच्या शेंगा भरत आल्या आहेत, पण बीएसएमआर 736 सारखी उशिरा येणारी तूर अजून फुलोऱ्यात आहे. आभाळ राहिले, त्यात पहाटे धुई (धुके) पडली की फूल गळते, आणि त्याच हवेत शेंगा पोखरणाऱ्या अळीची अंडी मोठ्या संख्येने उबतात. तीच अळी हरभऱ्यावर आली की आपण तिला घाटेअळी म्हणतो. सकाळी तुरीच्या ओळीत जाऊन शेंडा हलक्या हाताने वाकवून पाहावा. कोवळ्या कळीवर खसखशीच्या दाण्याएवढी पिवळसर पांढरी अंडी एकेकटी चिकटलेली दिसतात. ती दिसण्याआधी फवारणीची घाई करू नये आणि दिसल्यावर आठवडा घालवू नये, असे मी माझ्या भागात सर्वांना सांगत असतो.

ज्वारीचे गणित वेगळे आहे. मालदांडी किंवा परभणी मोती, कोणतीही टाळकी (रब्बीची) ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते, आणि पानावरच्या दवाने तिची तहान भागत नसली तरी सकाळचे दोन-तीन तास पाने ओली राहिल्याने जमिनीतली ओल तेवढी वाचते, हा माझा अनुभव आहे. मात्र मावा पडला की पानावर चिकटा येतो, पाने तेलकट चमकतात, आणि ऊबदार ढगाळ हवेत हा मावा फार लवकर पसरतो. करडईवरही हेच. गव्हाला तर थंडी हवीच. फुटवे फुटायच्या दिवसांत ऊब राहिली तर गहू फुटवे कमी करतो आणि उंच वाढतो. त्यामुळे ज्यांचा गहू नुकताच उगवून आला आहे त्यांनी हा आठवडा लांबू नये अशीच इच्छा धरावी.

कापसाची वेचणी चालू असेल त्या घरांतील मुलांना एक नोंद सहज करता येईल: पऱ्हाटीवरचे दव किती वाजता वाळते. बोंडातला कापूस ओला असताना वेचला तर तो गोणीत पिवळा पडतो आणि व्यापारी भाव पाडतो. गेल्या आठवड्यात कोरड्या हवेमुळे सकाळी लवकर वेचणी सुरू करता येत होती, या आठवड्यात बायांना दहा वाजेपर्यंत बांधावर थांबावे लागते आहे. मजुरीचा निम्मा दिवस असाच जातो, आणि तो आकडा आपल्या वहीत असायला हवा, कारण हवामानाचा थेट हिशेब घरापर्यंत पोहोचतो तो इथे.

आणखी एक जुनी गोष्ट, ही मुलांना नक्की आवडेल. असे भरपूर दव पडणाऱ्या पहाटे हरभऱ्याच्या ताटव्यावर स्वच्छ धुतलेले पातळ सुती कापड पसरायचे, दव त्यात मुरू द्यायचे, आणि सूर्य वर येण्याआधी ते भांड्यात पिळायचे. हरभऱ्याच्या पानांवरील बारीक केसांतून आम्ल पाझरते, ते दवात उतरते, आणि जे आंबट पाणी हाती येते तिला आपण आंब म्हणतो. पोटदुखीवर घरोघरी ती बाटलीत भरून ठेवलेली असे. कोरड्या थंडीत कापड भिजतच नाही, म्हणून आंब गोळा करायला आमची आजी असाच आठवडा निवडत असे. शेतावर रासायनिक फवारणी झाली असेल तर मात्र ती आंब मुळीच घेऊ नये.

पावसाचे भय तेवढे मनात असू द्या. 26 आणि 27 नोव्हेंबर 2023 रोजी राज्याच्या अनेक भागांत अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली होती, तीही याच दिवसांत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. तो शाळेच्या फलकावर लिहिला तर पालकही थांबून वाचतील.

पूर्णाकाठ (जिंतूर, जि. परभणी)

दवबिंदू सर आणि औश्याचे दादा, दोघांचेही मनःपूर्वक आभार. दवबिंदू सरांचे उत्तर आज वर्गात वाचून दाखवले आणि मुलांनी लगेच मागच्या पानांवर कमाल-किमान अंतराचा नवा रकाना आखून घेतला. नदीकाठी राहणाऱ्या मुलाने सांगितले की त्याच्या घरी चुलीचा धूर गेल्या आठवड्यात पहाटे वर न चढता नदीवर आडवा पसरून राहत होता आणि या आठवड्यात तो सरळ विरून जातो. हे त्याचे त्यानेच पाहिले होते. साचलेल्या थंड हवेशी त्याचा संबंध मी जोडून दिला, तो बरोबर असावा असे वाटते.

दादांना एक विचारायचे आहे. आमच्याकडे बऱ्याच पालकांचा हरभरा महिन्याच्या पुढे गेला आहे आणि पाण्याची पहिली पाळी याच आठवड्यात द्यायची होती. आभाळ असताना ती द्यावी की थांबावे, असे दोघा-तिघांनी मला विचारले. जमीन भारी, काळी आहे.

दवबिंदू (छत्रपती संभाजीनगर)

धुराचा संबंध अगदी बरोबर आहे. खाली थंड आणि वर उबदार हवा असेल तर धूर त्या उबदार थराखाली अडकतो आणि आडवा पसरतो. त्या विद्यार्थ्याचे नाव घेऊन वर्गात त्याचे कौतुक करावे, कारण एवढी बारीक गोष्ट पाहणारे डोळे दुर्मीळ असतात. वहीत धुराचीही एक खूण ठेवा.

आणखी एक नोंद याच दिवसांत करण्याजोगी आहे. सर्वांत लहान दिवस 21-22 डिसेंबरचा असला तरी आपल्या अक्षांशावर सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास, परभणीकडे साधारण 5:40 च्या आसपास. डिसेंबरात संध्याकाळ हळूहळू पुढे सरकू लागते, पण सकाळ जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिरा उशिराच होत राहते. मुलांनी घड्याळ लावून रोज सूर्यास्त पाहिला तर त्यांना हे स्वतःच सापडेल, त्यांना आधी सांगू नका.

बालाघाट (धारूर, जि. बीड)

चर्चा फार चांगली चालली आहे. मला यात एकच बाजू मांडायची आहे, कारण ती आमच्या तालुक्याची आहे.

आमच्याकडची निम्मी गावे या दिवसांत ऊसतोडीला गेलेली असतात. कारखान्यांचे गाळप सुरू झाले की टोळ्या बैलगाड्या घेऊन निघतात आणि उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोप्या उभारून राहतात. तोडणी पहाटे अंधार असतानाच सुरू होते. थंड, कोरड्या आठवड्यात उसाच्या पानांनी कापलेल्या हातांना भेगा पडतात आणि लहान मुले रात्रभर कुडकुडतात, म्हणून त्यांच्या दृष्टीने हा सौम्य आठवडा खरोखर आधाराचा असतो. पण दव जास्त असल्याने तोडायला घेतलेला ऊस भिजलेला असतो, मोळी खांद्यावर घेताच बायांची कपडे पार ओली होतात, आणि सूर्य ढगाआड असल्याने ती दुपारपर्यंत अंगावरच वाळत नाहीत. सर्दी-खोकला आणि तापाचे प्रमाण अशा हवेतच वाढताना मी पाहिले आहे. आभाळातून दोन थेंब जरी आले तरी कोपीतले धान्य, अंथरूण, सरपण सगळेच भिजते.

गुरुजी, आपल्या शाळेतील काही मुले आई-वडिलांबरोबर फडावर गेली असतील तर त्यांच्याकडूनही फोनवर रोजची नोंद घ्यावी असे मला फार वाटते. तापमापक नसला तरी दव किती, वारा कुठला, रात्री ओढायला किती पांघरुणे लागली, एवढे ती सांगू शकतील, आणि वर्गाशी त्यांचा धागा तुटणार नाही.

घाटमाथा (कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर)

बालाघाट यांची सूचना मला अतिशय मोलाची वाटते.

नोंदींविषयी थोडी भर घालतो. आपला मराठवाडा आठ जिल्ह्यांचा असला तरी थंडी सर्वत्र एका दिवशी येत नाही आणि एका दिवशी जातही नाही. आम्ही अजिंठ्याच्या डोंगररांगेला लागून आहोत, उत्तरेचा वारा आम्हाला आधी लागतो, आणि आभाळ आले तरी इथली थंडी मागे हटायला दक्षिणेकडच्यापेक्षा वेळ लागतो. या आठवड्यात औसा-उमरगा भागात दिवसभर आभाळ असल्याचे नातेवाइकांकडून कळत होते, त्या वेळी आमच्याकडे दुपारी स्वच्छ ऊन होते आणि पहाटे हातपाय गारठत होते. म्हणून एकट्या शाळेच्या नोंदीवरून ‘मराठवाड्यात’ असे काही लिहू नये. ज्यांना पडताळून पाहायचे असेल त्यांच्यासाठी महसूल मंडळांच्या ठिकाणी महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. पीकविम्याच्या कामातही त्यांच्या आकड्यांचा आधार घेतला जातो. आपल्या मंडळाचे केंद्र कुठे उभे आहे ते मुलांना एकदा नेऊन दाखवावे आणि त्याच्याभोवती झाडझाडोरा किंवा भिंत आहे का हेही पाहावे.

आंब्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. केशर आंब्याच्या बागांना मोहोर फुटण्यासाठी आता कोरडी थंडी हवी. असा सौम्य, दमट काळ लांबला तर झाड मोहोराऐवजी नवी पालवी काढते. आठवडाभराने काही बिघडत नाही, परंतु पंधरा-वीस दिवस असेच गेले तर मोहोर मागे पडतो. शाळेच्या आवारात आंब्याचे झाड असेल तर त्याच्या शेंड्यावरचे डोळे फुगू लागल्याचा दिवस वहीत नोंदवायला विसरू नका.

टाळकीज्वारी (औसा, जि. लातूर)

गुरुजी, पाण्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला उशीर झाला, तुरीच्या फवारणीत अडकलो होतो.

भारी काळ्या जमिनीत हरभऱ्याला पाणी देताना हात आखडताच ठेवावा लागतो, जास्त झाले तर पीक उभळते आणि पिवळे पडते. पालकांना आधी जमीन उकरून पाहायला सांगा. वितीभर खोल मातीचा गोळा मुठीत दाबल्यावर टिकत असेल तर या आठवड्यात पाणी देण्याची काहीच घाई नाही. आभाळामुळे आणि दवामुळे ओल हळू कमी होते आहे. गोळा फुटत असेल आणि भेगा दिसू लागल्या असतील तर हलके पाणी द्यावे. तुषार संच असेल तर दोन-तीन तासांपेक्षा जास्त चालवू नये आणि तो दुपारी चालवावा, म्हणजे आधीच दवाने रात्रभर ओली राहणारी पाने आणखी ओली राहणार नाहीत. सल्ला पत्रकात पावसाची शक्यता असेल तर पाळी सरळ पुढे ढकलावी. फुले लागल्यावर तुषार शक्यतो टाळावा.

सोबत एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून अडकवणारे) आणि वीस पक्षीथांबे लावायला सांगा. थांबे म्हणजे दोन काठ्या आडव्या-उभ्या बांधून रोवल्या तरी पुरे. सापळ्यात लागोपाठ तीन रात्री आठ-दहा पतंग अडकले तर 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा, म्हणजे 5 किलो निंबोळीचे कुटलेले बी रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी गाळून, एकूण 100 लिटर द्रावण करावे. अळी लहान असेपर्यंतच त्याचा उपयोग होतो. सापळ्यातले पतंग मोजायचे काम मुलांकडे दिले तर किमान तापमानाच्या शेजारी तो आकडा लिहून घ्या, ढगाळ आठवड्यात आणि निरभ्र आठवड्यात त्यात किती फरक पडतो ते आम्हालाही पाहायचे आहे. आमच्या दोन शेतांतल्या सापळ्यांच्या नोंदी मी शुक्रवारी इथेच टाकतो.